मावशीला पत्र : दोन ड्रेस शिवायचे आहेत

लेस्टर (इंग्लंड), रविवार

ती. मावशीस,
सा. न.

परवा फोनवर म्हणालीस, "तिकडे कपड्यांना काय तोटा!" तोटा नाहीच गं. पण अंगाला बसेल, खिशाला परवडेल आणि नर्सरीत घालून जाता येईल, असंच नेमकं मिळत नाही.

माझं काम दिवसभर खाली बसायचं, वाकायचं, पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायचं. वाकताना एक हात गळ्यावर धरून कसं जमेल? म्हणून गळा बंद, बाही कोपरापर्यंत, उंची गुडघ्याखाली, एवढंच माझं म्हणणं. स्वस्तात असा ड्रेस दिसला तर तो गोणपाटासारखा सरळसोट. कंबरेत नीट बसणारा असला की गळा खोल. अंग झाकायचं तर बाईने छान दिसायचंच नाही, असं कुणी ठरवलंय कोण जाणे.

त्यात माझी उंची पाच फूट. इथले कपडे साडेपाच फुटी बाई धरून बेततात. बुटक्यांसाठी 'पेटीट' असतं, पण ते बहुतेक ऑनलाइनच. एका दुकानाचा 14 नंबर सैल होतो, तर दुसऱ्याचा 16 दंडातच अडकतो. मुलांच्या कपड्यांवर व्हॅट म्हणजे विक्रीवरचा कर नाही, मोठ्यांच्यावर 20 टक्के, म्हणून मुलींच्या विभागातही डोकावले. उंची जमली, छातीला बटण लागेना.

उंची कमी करायला शिंपी 15 पौंड सांगतो. त्याचंही खरं आहे, इथे तासाचं किमान वेतनच 12 पौंडांच्या वर. पण 20 पौंडांच्या ड्रेसला एवढी शिलाई म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. शेजारच्या गुजराती बा 1972 मध्ये युगांडातून आल्या आणि इथल्याच कारखान्यात वर्षानुवर्षं ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाची कड कापून गुंफणाऱ्या मशीनवर, बसल्या. त्यांनी माझा ड्रेस उलटा करून दाखवला : शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, अशी नाहीच, सगळी ओव्हरलॉकने कापून टाकलेली. सैल करायचा प्रश्नच मिटला.

इथल्या भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर लग्नातले भरजरी कपडे ढिगाने. मुस्लिम बायकांच्या दुकानात बाही-उंची मनासारखी, पण घेर इतका की पोरं त्यावर पाय देतात. खरा आधार चॅरिटी शॉपचा, लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तू विकतात ते. तिथे 8 पौंडांत लोकरीचा, अस्तर लावलेला जुना स्कर्ट मिळाला, खाली चांगली दोन इंच दुमड. बांनी तासाभरात बसवून दिला. आईला बोलू नकोस, वापरलेले कपडे घेते म्हटलं तर तिला झोप यायची नाही.

तर काम असं. इचलकरंजीत गडद रंगाचं पॉपलिन बघ, पातळ नको. मापं इंचात : छाती 38, कंबर 34, ड्रेसची उंची 39, बाही 11. अंगाला बसावा म्हणून टक्स (शिवलेल्या चुण्या) घाल. पुढे बटणं लाव, पण छातीपाशी फट पडते, तिथे आतून एक प्रेस बटण. दोन्ही बाजूंना खिसे हवेतच, इथे बायकांच्या ड्रेसना ते द्यायला का कचरतात कळत नाही. आणि माया इंचभर ठेव. इथलं चीज मला चांगलंच मानवलंय.

काकांचा पुतण्या नोव्हेंबरात येतोय, त्याच्याकडे दे. शिलाईचे पैसे घ्यायचे, नाहीतर पुढची मापं दुसरीकडे पाठवीन.

तुझी,
मनू