जुन्या पेपरातला ‘आउटरेज’ म्हणजे संताप नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण अत्याचारावरचा भाग तेवढा ठेवा. आमच्या पुतणीला कॉलेजात क्रांतिकारकांवर प्रोजेक्ट आहे. तिने १९०८ सालच्या इंग्रजी बातम्या नेटवरून काढल्या, मोबाईलमध्ये टाकून मराठी केल्या, तर ‘मुझफ्फरपूर बॉम्ब आउटरेज’ चं झालं ‘मुझफ्फरपूर बॉम्ब संताप’. मला विचारते, काका संताप नेमका कोणाला आला?

पोरीचं तरी काय चुकलं म्हणा. आज आउटरेज म्हटलं की ट्विटरच आठवतं, कोणीतरी काहीतरी बरळतो आणि मग दोन दिवस आउटरेज चालतो. पण जुन्या बातमीत हा शब्द लोकांच्या रागाला नाही, कृत्यालाच लावायचे. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी जज्ज किंग्जफर्डची गाडी समजून भलत्याच गाडीवर बॉम्ब टाकला, त्यात केनेडी मायलेकी गेल्या, तो बॉम्ब टाकणं हाच आउटरेज. वाचणारा चिडला की नाही ते नंतरचं.

आणि बॉम्बच पाहिजे असंही काही नाही. १९०४ मध्ये रशियन आरमाराने नॉर्थ सी मध्ये हल बंदराच्या मच्छीमार बोटींवर, जपानी टॉर्पेडो बोटी समजून, तोफा डागल्या (जपानी तिथे कुठून येणार होते देव जाणे!) तोही ब्रिटिश पेपरांत आउटरेज. १९०९ ला लंडनच्या टॉटनहॅममध्ये दोघांनी कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटली, मग चोर एका ट्राममध्ये, पोलिस दुसऱ्या ट्राममधून मागे, वाटेत गोळीबार, एक पोलिस आणि एक पोरगा मेला, ते प्रकरण आजही ‘टॉटनहॅम आउटरेज’ म्हणूनच ओळखतात. आयर्लंडात तर पोलिसांचे ‘आउटरेज रिपोर्ट’ असायचे, त्यात खून, गुरं जायबंदी करणं, धमकीची चिठ्ठी, सगळं आलं.

मला स्वतःला बरीच वर्षं वाटायचं की हा शब्द आउट अधिक रेज असा आहे. तर रेजचा काही संबंधच नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आलाय, मूळ लॅटिन ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे, मर्यादेपलीकडचं वागणं. म्हणजे आपला अत्याचारच की हो, अति अधिक आचार! आणि आपल्याकडेही अत्याचार म्हणजे पूर्वी सरळ हिंसा, गांधीजींच्या चळवळीला मराठीत ‘अनत्याचारी असहकारिता’ म्हणायचे. आज हेडिंगला ‘अत्याचार’ दिसलं की आपण एकच अर्थ घेतो. गंमत म्हणजे इंग्रजीतही बलात्कार म्हणायला नको म्हणून जुने पेपर आउटरेज लिहायचे, आणि आपल्या कायद्यात तो अजून शिल्लक आहे, आयपीसी ३५४ मधलं ‘आउटरेज हर मॉडेस्टी’ आता न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये गेलंय, मराठीत विनयभंग.

पण मला खटकतं ते दुसरंच. हा शब्द वापरायचे तो बाजू बघून. डिसेंबर १९१२ मध्ये दिल्लीत हत्तीवर बसलेल्या व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला तर आउटरेज. १९१९ ला जालियनवाला बागेत सरकारी आकड्यानेच ३७९ माणसं मेली, आणि त्याची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिटीच्या रिपोर्टच्या नावात शब्द कोणता, तर ‘डिस्टर्बन्सेस’. म्हणजे गोळ्या यांनी घालायच्या आणि गडबड लोकांनी केली म्हणायचं!

एका शब्दाचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. १९०८ चा टिळकांवरचा खटला मुझफ्फरपूरच्याच बॉम्बवर केसरीत आलेल्या लेखांवरून झाला, कोर्टापुढे होतं त्या लेखांचं इंग्रजी भाषांतर, आणि टिळक २१ तासांवर बोलले त्यात भाषांतरातल्या शब्दांवरही भांडले. तरी व्हायचं ते झालंच, ६ वर्षं मंडाले.

तेव्हा साहेब, तुमच्या पुरवणीत कधी जुन्या इंग्रजी बातम्यांचं मराठी छापलंत तर संताप तेवढा टाळा. पुतणीने सध्या ‘बॉम्बहल्ला’ लिहिलंय. मी ‘बॉम्बचा अत्याचार’ सुचवलं होतं, तर म्हणाली काका, मॅडमना वेगळंच वाटेल.

आपला,
एक जुना वाचक, सातारा