मानेचं ऑपरेशन मोफत झालं, पण पुढे वागायचं कसं हे कोण सांगणार?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सा.न.वि.वि.

मी लालबागला चाळीत राहते. वय ५३, पोळीभाजी केंद्र चालवते. गेल्या मंगळवारी मानेच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मावशी, मान वळवायला कुणी सांगितलं? जड काय उचललंत?" प्लेटचा एक स्क्रू सैल झाल्यासारखा दिसतोय. परत ऑपरेशन लागेल का, ते महिन्याने ठरेल. मला तिथे उत्तर देता आलं नाही. रडू आलं. म्हणून हे लिहितेय.

वर्षभर लाटणं हातातून निसटत होतं, ब्लाउजचे हुक लावायला सून लागायची. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. गळ्याच्या पुढून चीर देऊन ती काढली, आणि ते दोन मणके एकमेकांना जुळावेत म्हणून स्क्रूने प्लेट बसवली. सरकारच्या महात्मा फुले योजनेतून झालं, पैसा लागला नाही, बोटांच्या मुंग्या आठवड्यात कमी झाल्या. सर्जनना मी रोज हात जोडते.

पण चौथ्या दिवशी घरी पाठवताना हातात दोन पानी इंग्रजी कागद दिला. "कॉलर लावा, फिजिओ करा, सहा आठवड्यांनी या. व्यायाम फोनवर समजावतील." तो फोन आजपर्यंत आलेला नाही.

फिजिओ करा म्हणजे नेमकं काय करा? शेजारच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला, त्यात मान गोल फिरवायची होती. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, जप करावा तशी मी ती फिरवली! आता कळलं की मणके एकमेकांना जुळायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत लागतात, आणि सुरुवातीला व्यायाम म्हणजे रोज थोडं-थोडं चालणं, दीर्घ श्वास, खांदे मागे घेऊन पाठीची पाती जवळ आणणं, हातात मऊ चेंडू दाबणं. मानेचे व्यायाम एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच. उठायचं तेही अख्खं अंग एकदम कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देऊन. मी जमिनीवरच्या अंथरुणातून मान उचलून सरळ उठत होते.

आणि पाणी. आमच्याकडे पहाटे साडेचारला नळ येतो. बादली पंधरा लिटरची, म्हणजे पंधरा किलो. तिसऱ्या आठवड्यापासून रोज चार बादल्या मी भरल्या, कारण सुनेला सहाची लोकल असते. माझ्यासारखीने दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, हे मंगळवारी पहिल्यांदा ऐकलं. मी मिश्री लावते. तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, हेही तेव्हाच. घास अडकायचा, आवाज बसला होता, मला वाटलं कॅन्सर झाला. दहा रात्री डोळ्याला डोळा नाही. पुढून ऑपरेशन झाल्यावर काही दिवस असं होऊ शकतं, एवढं एक वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही. उलट हातापायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला, गळा सुजून श्वास कोंडला तर लगेच धावत यायचं असतं. ते तरी सांगायचं!

साहेब, महात्मा जोतिराव फुले योजनेत मोफत उपचारांची मर्यादा २०२३ साली दीड लाखावरून पाच लाख केलीत. फलक मी वाचलेत. पण डिस्चार्जनंतर मोफत तपासणी आणि औषधं दहा दिवस. हाड जुळायला वर्ष आणि तुमचे दहा दिवस! घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका वेळचे ७०० रुपये सांगतो. सहा आठवडे रोज बोलावला तर २९,४०० होतात. माझं केंद्र बंद आहे, कुठून आणू? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसन, म्हणजे माणसाला परत हिंडतं-फिरतं करणं, ही सरकारची आणि पालिकांची जबाबदारी म्हटलंय. मग आम्ही दिव्यांग होईपर्यंत थांबायचं का? हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे. लालबागहून ती किती लांब? मला ती बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंकडून कळली, कागदावरून नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही चाळीत पेढे वाटले. माझ्या मानेचा कागद मात्र मला वाचता येत नाही. स्क्रूला पैसे मिळतात, समजावून सांगणाऱ्याला मिळत नाहीत. रस्ता बांधतात, पाट्या लावत नाहीत, माणूस खड्ड्यात पडला की त्यालाच विचारतात, दिसलं नाही का? सगळीकडे हेच चाललंय, आणि ऐकून घ्यायचं आम्हीच.

मानेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी सोडण्याआधी अर्धा तास फिजिओथेरपिस्ट त्याच्यासमोर बसला पाहिजे, घरच्या एकासकट. उठून दाखव, चालून दाखव, घरी पाणी कोण भरतं ते सांग, असं विचारलं पाहिजे. चित्रांसहित मराठी कागद दिला पाहिजे. आणि फिजिओचा खर्च डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत योजनेत धरा. हे झाल्याशिवाय डिस्चार्जवर सही होऊ नये, असा आदेश काढा.

माझी पुढची तारीख महिन्याने आहे. तोवर बादल्या सून भरतेय, तिची सहाची लोकल रोज चुकते.

आपली,
एक रुग्ण, लालबाग