तटातले पिंपळ कोवळे आहेत तोवर काढा

मा. संपादक,
स. न.

दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी मातीचा राजगड केला. नातवाला पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या तोंडपाठ. बेळगावचा किल्ला बघितलास का, विचारलं तर म्हणाला, "बसमधनं दिसतोय की, आज्जा!" मला फार लागलं ते. भाऊबीज झाल्यावर त्याला घेऊन निघालो. बसस्थानकावर उतरून चालतच गेलो.

दुर्गादेवीच्या देवळापासून आत शिरलो. कमल बस्तीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिराच्या, छतातलं दगडी कमळ बघताना पोरगं खाली बघायलाच तयार नव्हतं. ही बस्ती रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. पुढे आदिलशाही सरदार असदखानानं १५१९ मध्ये बांधलेली साफा मशीद. माझा जीव मात्र तटात अडकला. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. दगडी भिंत दिसली की नजर आधी दर्जांवर, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांवर जाते.

बहमनी वजीर महमूद गावाननं १४७२ च्या सुमारास वेढा घातला तेव्हा सुरुंग लावून हा तट फोडला होता, हे मी नातवाला सांगत होतो. त्यानं वर बोट दाखवलं. दोन दगडांच्या सांध्यात पिंपळाचं रोप, पलीकडे आणखी एक. पाखरांच्या विष्ठेतून बी पडतं, सांध्यातल्या मातीत ओल धरून रुजतं. मूळ जाड होईल तसा दगड पुढे सरकतो, मग त्या फटीतून पावसाचं पाणी तटाच्या पोटात जातं. आपल्याकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको.

रोप वरचेवर छाटून काही होत नाही, ते दुप्पट जोमानं फुटतं. बोटाएवढं मूळ ओल असताना मुळासकट निघतं. जाड झालेलं ओढायचं नाही, दगडच हातात येतात. ते कापून आतलं मूळ मारावं लागतं. नंतर दर्जा चुन्यानंच भरायच्या. सिमेंट नको, ते आतली ओल बाहेर पडू देत नाही. ही संरक्षित वास्तू, आपण हात लावायचा नाही; म्हणून हे पत्र. जाणकार माणसं लावून हे काम जमीन सुकायच्या आत व्हावं.

आणि किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती, पुढच्या दिवाळीत एखाद्या गल्लीला बेळगावचा किल्ला करायला सांगा, भोवतीच्या खंदकासकट. पण पोरांना आधी तो चालत फिरवून आणा.

एक निवृत्त गवंडी,
कडोली, ता. जि. बेळगाव