तात्या, उंबऱ्यावर एक बोट वाढलं

तीर्थस्वरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

यंदाच्या आखाजीला आमच्या उंबऱ्यावर कुंकवाचं एक बोट जास्त उमटलं. ते तुमच्यामुळे. फोनवर आभार मानायला गेले तर "राहू दे वं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आज चार लोकांदेखत लिहिते आहे.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगते, की अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आम्ही लेकी माहेरी येतो. नवी घागर भरायची, तिच्यावर छोटा लोटा, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या, आणि उंबऱ्याची पूजा करताना एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. आमच्या घरी आई ही नावं घेते. आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील. आजीपर्यंत बायकांची नावं होती, तिच्यामागे मात्र नुसतं "आनि बठ्ठ्या माया", म्हणजे आमच्या अहिराणीत "आणि सगळ्या आया". पणजीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले आणि थोरल्या भावकीने मूल वाढवलं, एवढीच गोष्ट घरात चालत आलेली.

तुमच्याकडे येण्याआधी मी एक मोठी चूक करून बसले होते. एका गृहस्थाला पैसे देऊन वंशावळ करून घेतली होती. त्याने सुंदर रंगीत तक्ता दिला, आणि आमचं घराणं थेट एका राजघराण्याला नेऊन जोडलं. तो तक्ता मी तुम्हाला कौतुकाने दाखवला. तुम्ही चष्मा पुसलात, खालपासून वरपर्यंत एकेका नावावर बोट ठेवत गेलात आणि चौथ्या नावावर थांबून म्हणालात, "कागद दखाड." माझ्याकडे कागद नव्हता. त्यापुढचं सगळं तुम्ही पेन्सिलीने हलकेच कापलंत. मला वाईट वाटलं होतं, तात्या. पण खरी वंशावळ त्याच दिवशी सुरू झाली.

मग तुम्ही विचारलंत, पणजोबा कशाने गेले? मी म्हटलं, आत्या सांगते की मानमोडीच्या साथीत. तुम्ही लगेच वहीत 1918 लिहिलंत. आम्ही इतकी वर्षं "मानमोडी, मानमोडी" ऐकत आलो, पण ती इन्फ्लुएन्झाची साथ होती आणि तिला साल आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "माणूस गेला की वारस लागतात, वारस लागले की फेरफार होतो, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद. 1918 ते 1920 चे फेरफार काढ," एवढं सांगून तुम्ही चहा मागवलात. तलाठी म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला किती सोपं होतं ते! मला मात्र त्या एका वाक्यासाठी कित्येक वर्षं लागली असती.

फेरफार घरबसल्या मिळतील यावर माझा विश्वासच नव्हता. सरकारच्या महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर 'आपले अभिलेख' नावाचा भाग आहे, तिथे जुन्या सातबारांचे, फेरफारांचे स्कॅन ठेवलेत, हे तुमच्याकडून कळलं. जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार निवडला आणि आमच्या शेताचा गट नंबर टाकला. काहीच निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी कंटाळून सोडणार होते, तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही समजावलंत की गट नंबर हा जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेनंतरचा, तो कायदाच 1947 चा. 1919 च्या कागदाला हा नंबर कसा माहीत असणार? आधी एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढ आणि मग शोध. जुन्या कागदांमागे लागलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. किती जण याच पायरीवरून "आमचं काही सापडत नाही" म्हणत परत फिरत असतील!

जिल्ह्याच्या नावाचंही तसंच. 1906 पर्यंत एकच खानदेश, मग पूर्व आणि पश्चिम. आमचं अमळनेर पूर्व खानदेशात, आणि जळगाव जिल्हा हे नाव 1960 नंतरचं. जुन्या ग्रंथांत 'जळगाव जिल्हा' शोधत बसलं तर हाती काय लागणार? 1880 चं खानदेशचं गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं, तेही तुम्हीच दाखवलंत.

आणि मग ती रात्र. फेरफाराचं पान उघडलं तर सगळी मोडी! आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली एका दमात लिहिलेलं, दोन शब्दांत मोकळी जागा नाही. शाई मागच्या पानावरून उमटलेली. तुम्ही धुळ्याहून व्हिडिओ कॉलवर होतात. चित्राचा काळेपणा वाढवायला लावलात, पान मोठं करायला लावलंत. सर्व्हे नंबर जुळला. पणजोबांचं नाव, पुढे 'मयत'. मग आजोबांचं नाव आणि 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला. मी पान सरकवणार तोच तुम्ही ओरडलात, "थांब, सरकवू नको!"

पुढे तीन अक्षरं होती, अ. पा. क. अज्ञान पालन कर्ता. आणि त्याच्यापुढे 'आई', आणि एक नाव.

पहिलं अक्षर नीट लागत नव्हतं. मी घाईने एक नाव बोलून टाकलं. तुम्ही ते घेतलं नाहीत. त्याच हाताने लिहिलेलं तेच अक्षर वरच्या नोंदीत शोधलंत, त्याचा तुकडा कापून शेजारी ठेवायला लावलात, मग अजून एक शोधलंत. तीन ठिकाणी वळण जुळलं, तेव्हाच ते नाव तुम्ही तोंडातून काढलंत. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी आईला उठवलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते घरात घ्यायचं नाव आहे.

पण एक सांगते. भावकीने मूल वाढवलं, ही आमच्या घरची गोष्ट. कागदावर पोराची पालनकर्ती म्हणून त्याची आई उभी आहे. भावकीने मदत केली नसेल असं मी म्हणत नाही. पण जमिनीच्या कागदावर त्या विधवा बाईचं नाव होतं, आणि आम्ही शंभर वर्षं तिला "बठ्ठ्या माया"त ढकलून मोकळे झालो. याचं मला फार लागलं.

तुमच्या सांगण्यावरून आता ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्रॅम वापरते. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, नावं देवनागरीत लिहिता येतात. प्रत्येक नावाखाली तो कागद कुठून आला ते लिहिते. वंशावळीचे सगळे प्रोग्रॅम वाचू शकतात अशी जेडकॉम फाइल काढून भावाकडेही ठेवली, म्हणजे उद्या दुसरा प्रोग्रॅम घेतला तरी सगळं पुन्हा टंकायला नको. हयात माणसांची नावं, जन्मतारखा उघड्यावर टाकायच्या नाहीत हा तुमचा दंडकही पाळते. आत्याचं अहिराणी बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलंय, दीड तासाचं. त्यातली "मानमोडी" ऐकली की तुमची वही आठवते.

आता पणजीचं माहेर शोधायचंय. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरूंची नावं टिपलेल्या वह्या पाहता येतात, पण आमची माणसं तिकडे कशाला जातील? ती त्र्यंबकला गेली असणार. तिथल्या गुरुजींकडे आमच्या गावाची नामावळी, म्हणजे तशीच नावांची वही, आहे, फोनवर बोलणं झालंय. दिवाळीनंतर जाणार आहे, आणि तुम्हाला घेतल्याशिवाय जाणार नाही. गाडीत पुढची जागा तुमची. येताना घरी थांबा. वांगी भरताची येतील तेव्हा, कळण्याची भाकरी मी स्वतः थापीन.

आईने आखाजीला उंबऱ्यावर बोट टेकवून पहिल्यांदा ते नाव घेतलं, तेव्हा तिचा आवाज थोडा अडखळला. नवीन नाव ना. दुसऱ्यांदा नीट घेतलं.

तुमची,
अमळनेरची एक माहेरवाशीण