हत्यारावर स्टीलची जात छापा

संपादक साहेब, नमस्कार.

घरच्या घरी लाकडी वस्तू करायच्या छंदावर तुमच्या पेपरात मध्यंतरी आलं होतं, आवडलं, पण त्यात हत्यारांबद्दल एक अक्षर नव्हतं आणि लेथवर लाकूड कातणाऱ्याचं निम्मं काम तर हत्यारच करतं, म्हणून लिहितोय.

माझी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं-साचे बनवतात त्या विभागात झाली. रिटायर झाल्यावर छोटा लेथ घेतला, त्यावर भोवरे, लाटणी, नातवंडांना खुळखुळे असलं काय काय करतो. सुरुवातीला जुन्या कानशी घासून पटाश्या केल्या होत्या, पण ते कुणी करू नका. कानस कडक असते तशीच ठिसूळही असते, फिरत्या लाकडाच्या गाठीत अडकली तर मोडून तुकडा थेट तोंडावर येतो.

मग ऑनलाइन एक सेट घेतला, डब्यावर मोठ्या अक्षरात एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, तापलं तरी कडक राहणारं. बाभळीचं लाटणं लावलं, अर्ध्यावरच धार गेली. ग्राइंडरला लावली तर टोक निळं पडलं आणि त्यानंतर धार धरेचना, तेव्हाच शंका आली कारण एचएसएस नुसतं निळं पडल्याने मऊ होत नाही, ते पाचशे अंशाच्या पुढेही कडक राहतं. साध्या कार्बन स्टीलचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, मात्र दोनशे-अडीचशे अंशातच उतरायला लागतं. मग ठिणग्या बघितल्या. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या, आणि खऱ्या एचएसएसच्या लालसर, मंद, जवळजवळ न फुटणाऱ्या. माझ्या सेटच्या चांगल्या फुलबाज्या उडाल्या! पैसे गेले त्यापेक्षा नवशिक्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही आणि तो लेथ झाकून ठेवतो, याचं जास्त वाईट वाटतं.

आता खास कडक केलेल्या हत्यारांबद्दल, त्यांची हल्ली बरीच जाहिरात असते. यात एचएसएसला नेहमीचं पाणी देऊन झाल्यावर लिक्विड नायट्रोजनने उणे 196 अंशाच्या आसपास थंड करतात, म्हणजे आतला जो थोडा भाग पाणी देऊनही मऊच राहिलेला असतो तोही बराचसा कडक होतो. मी या पावसाळ्यात लोहाराकडून करून घेतलेली कार्बन स्टीलची, साधी एचएसएसची आणि ही थंड केलेली अशा तीन पटाश्या एकाच बाभळीच्या ओंडक्यावर आलटून पालटून चालवल्या. कार्बनवालीला एका लाटण्यात दोनदा धार लावावी लागली, एचएसएसवर दोन लाटणी आरामात निघाली, थंड केलेलीवर तिसरंही निघालं. म्हणजे खरी उडी कार्बनवरून एचएसएसवर आहे, पुढचा फरक हाताला जाणवतो पण तो तेवढा मोठा नाही, आणि किंमत मात्र बरीच जास्त. थंड केलेलीचा सागाला जास्त उपयोग होतो, कारण सागात सिलिका असते, ती धार खाते. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाला लोहाराचीच पटाशी बास, तिची धार तर काय सुरेख लागते, सहाणेवर चार हात मारले की वस्तऱ्यासारखी. फक्त ग्राइंडरवर तिला सारखं पाण्यात बुडवा, आणि एचएसएस तापलेलं असताना अजिबात बुडवू नका, तडे जाऊ शकतात.

छोट्या कामात हे सगळं का महत्त्वाचं, तर भोवऱ्याची मान बोटाएवढी, धार गेली की माणूस नकळत जोर लावतो आणि मान तुटते, नाहीतर लाकडाचे तंतू उपटून येतात आणि मग पॉलिश पेपर घासत बसायचं.

म्हणून विनंती अशी की विकणाऱ्यांनी हत्याराच्या पात्यावरच स्टीलची जात छापावी, एम टू (ही एचएसएसची एक जात) असेल तर एम टू, कार्बन तर कार्बन, डब्यावर नको, डबा फेकला जातो. सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी करणाऱ्यांनाही टूलकिटसाठी 15 हजारांपर्यंत मदत आहे, तिथे तर हा आग्रह आधी धरायला हवा, त्या हत्यारावर एखाद्याचं घर चालणार असतं. आणि वाचकांपैकी कुणी नवीन सेट घेतला असेल त्यांनी पहिल्याच दिवशी शेपटाकडच्या टोकाला, धारेला नाही, ग्राइंडर हलकासा टेकवून ठिणगी बघावी, डोळ्यावर गॉगल लावून.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर