सातव्या फोटोतला खांब

कोल्हापूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले अठरा फोटो पोचले. आईनं त्यातला तुझा मफलरवाला फोटो लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि मावशीनं "बारीक झालाय" असा निकालही देऊन टाकला. मी मात्र दोन दिवस सातव्या फोटोवर अडकलोय. ॲनफिल्डच्या, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या फुटबॉल मैदानाच्या, कोपऱ्यावर तू दोन बोटं दाखवत उभा आहेस आणि तुझ्या डोक्यामागून झेंड्याचा एक उंच खांब वर गेलाय.

सोबत तू लिहिलंयस की मॅचचं तिकीट काही मिळालं नाही, नुसती टूर करून आलो, आणि "बाबा, आत सगळा दुकानांचा बाजार आहे, जुनं काही उरलेलंच नाही." अरे शहाण्या, त्या मैदानातल्या सगळ्यात जुन्या वस्तूकडे पाठ करून तू फोटो काढून घेतलास!

तो खांब म्हणजे 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाच्या डोलकाठीचा वरचा तुकडा आहे. हे नाव मला फुटबॉलमुळे ठाऊक नाही, नोकरीमुळे आहे. टेलिफोन खात्यात लागलो तेव्हा ट्रेनिंगला एक म्हातारे साहेब होते. ते पहिल्या दिवशी तारांबद्दल एक अक्षर न बोलता तासभर या जहाजाबद्दलच सांगत बसले. आम्ही पोरं जांभया देत होतो. पण नाव डोक्यात बसलं ते बसलंच.

ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं ते बांधलं. लांबी दोनशे मीटरच्या वर, सहा डोलकाठ्या, चार हजार माणसं नेता येतील एवढं पोट. १८५७ मध्ये पाण्यात ढकलायला घेतलं तर हलेचना. शेवटी १८५८ च्या जानेवारीत एकदाचं तरंगलं. प्रवासी काही मिळाले नाहीत आणि कंपन्या बुडाल्या. पण एवढ्या मोठ्या पोटात हजारो मैल केबल गुंडाळून ठेवता येते हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हत्तीला काम मिळालं. १८६६ साली अटलांटिकच्या तळाशी तार टाकली ती यानंच. आणि १८७० च्या सुरुवातीला हेच जहाज आपल्या मुंबईला आलं. उन्हानं पोटातली केबल तापू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकत ते गेलं, आणि त्याच वर्षी लंडनचा निरोप समुद्रातून मुंबईला यायला लागला. आज तू व्हिडिओ कॉल करतोस आणि आई स्क्रीनला नाक लावून "जेवलास का" विचारते, त्या सगळ्याचा पणजोबा तो.

तुला माझं काम कितपत आठवतंय कोण जाणे. पावसाळ्यात रात्री बोलावणं आलं की खड्ड्यावर ताडपत्री ताणायची, गॅसबत्ती लावायची आणि उकिडवं बसून केबल सोलायची. जुन्या केबलीत तारांवर कागदाचं वेष्टन असायचं. दोनशे जोड्या म्हणजे चारशे तारा, एकेक ओळखून पिळायची, वर कागदी नळी सरकवायची. कपाळावरचा घामाचा थेंब आत पडला तरी पेठ मुकी व्हायची. म्हणून तोंडाला रुमाल बांधून श्वास बाजूला सोडायची सवय लागली, ती अजून आहे. आई म्हणते, फुंकर न मारता चहा पिणारा हा एकच माणूस. तर चार फुटांच्या खड्ड्यात ही तऱ्हा, आणि त्या लोकांनी दोन हजार मैल समुद्रात हे केलं! त्यांच्या जहाजाची काठी माझ्या पोराच्या डोक्यामागं दिसते म्हटल्यावर मला झोप कशी लागणार?

शेवटी शेवटी ते जहाज लिव्हरपूलमध्येच एका मोठ्या दुकानाची जाहिरात मिरवत उभं होतं. १८८९ पासून मर्सी नदीच्या काठावर मोडायला काढलं, दीडेक वर्ष मोडतच होते. त्यातली ही काठी पाण्यातून पलीकडं आणली आणि घोडे जुंपून चढावरून मैदानापर्यंत ओढत नेली. भंगारवाल्याकडून तोरणाचा खांब आणावा तसा प्रकार. आपल्या उद्यमनगरात कुणालाही पटेल असा.

आता मैदानाचं ऐक. ॲनफिल्डवर १८८४ मध्ये पहिल्यांदा फुटबॉल खेळला गेला, पण लिव्हरपूल क्लबचा तेव्हा पत्ताच नव्हता. भाडेकरू होते एव्हर्टन क्लबवाले, हो, तेच निळ्या जर्सीवाले. जागा होती जॉन होल्डिंग नावाच्या बिअरच्या कारखानदाराची. हा गृहस्थ जागेचा मालक, क्लबचा अध्यक्ष आणि मैदानात बिअर विकायचा हक्कही त्याचाच. खेळाडूंनी कपडे बदलायचे तेसुद्धा शेजारच्या त्याच्या हॉटेलात. क्लबला यश यायला लागलं तसं यानं भाडं वाढवत नेलं, वर्षाला १०० पौंडांवरून २५० वर. वाद पेटला. १८९२ मध्ये एव्हर्टनची मंडळी चंबूगबाळं उचलून बागेच्या पलीकडं गेली आणि गुडिसन पार्क बांधून मोकळी झाली. होल्डिंगकडं उरलं रिकामं मैदान. एव्हर्टन हे नाव ठेवून घ्यायचा त्यानं प्रयत्न केला, तो फसला. मग त्यानं मैदानासाठी नवा क्लब काढला. तोच तुझा लिव्हरपूल. पहिल्या संघात जवळजवळ सगळे स्कॉटलंडहून आणलेले.

म्हणजे बघ, आपल्याकडं आधी तालीम, मग तालमीचा फुटबॉल संघ. पाटाकडील काय, खंडोबा काय, दिलबहार काय, संघ ढीगभर आणि मैदान एकच, शाहू स्टेडियम. तेही रावणेश्वराचं तळं बुजवून झालेलं. तिकडं मैदान आधी आणि संघ नंतर, तोसुद्धा भाड्याच्या भांडणातून. घरमालकाचं एक भांडण झालं आणि शहराला दोन क्लब मिळाले. पेठेत असं भांडण झालं असतं तर दोन गणपती झाले असते, एवढाच फरक.

लिव्हरपूलनं १९०६ मध्ये दुसऱ्यांदा लीग जिंकली तेव्हा एका टोकाला राखमातीचा भला मोठा उतार रचून त्यावर पायऱ्या केल्या. आर्चिबाल्ड लीच हा स्कॉटिश माणूस त्या काळात सगळ्या इंग्लंडची मैदानं आखत होता, हेही त्याचंच. त्या उताराला तिथल्या एका वर्तमानपत्राच्या क्रीडा संपादकानं नाव दिलं 'स्पायन कॉप'. तू ज्याला नुसतं कॉप म्हणतोस ते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचं हे नाव, अर्थ टेहळणीची टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर लोकांशी लढताना तिथं इंग्रजांची माणसं पटापट पडली, त्यात लँकेशायर भागातली, लिव्हरपूलकडची पोरं पुष्कळ. उभ्या गर्दीचा तो चढ बघून लोकांना ती टेकडी आठवायची. आता यातली गंमत अशी की त्या टेकडीवरून जखमींना डोलीत घालून उतरवणाऱ्यांत आपले गांधीजी होते. तिथल्या नाताळ नावाच्या वसाहतीतल्या हिंदी लोकांचं शुश्रूषा पथक त्यांनी उभं केलं होतं, हजारावर माणसांचं, आणि दिवसाला वीस-पंचवीस मैल डोली वाहत ते चालत होते. तुझ्या टूरच्या गाईडनं हे सांगितलं का? नसेल. आपण होऊन सांग त्याला.

मातीच्या उतारावर माणसं बसवायची अक्कल आपल्याला कुणी शिकवायला नको म्हणा. खासबाग आठव. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, येताजाता रोमचा तो जुना आखाडा बघितला आणि १९१२ साली आपलं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, पैलवानाचा पाय दिसतो. दोन्ही कामांत अंतर पाच-सहा वर्षांचं. मला विचारशील तर खासबाग सरस. कारण कॉपवर बसायला जागाच नव्हती, २८ हजारांच्या आसपास माणूस नुसता उभा. गोल झाला की मागून लाट यायची आणि माणूस पाय न हलवता दहा पायऱ्या खाली पोचायचा. लघवीला जाणं अशक्य. मग लोक वर्तमानपत्राची सुरळी करून जागेवरच कार्यक्रम उरकायचे. पुढच्याचा पाय गरम झाला की त्यानं समजून घ्यायचं. हे आईला वाचून दाखवू नको असं लिहिणार होतो, पण ती मागं उभी राहून वाचतेच आहे.

१९२८ मध्ये कॉपवर छत आलं आणि आवाज कोंडून घुमायला लागला. १९५२ साली वुल्व्ह्ज क्लबविरुद्धच्या कप मॅचला ६१ हजार ९०५ माणसं होती. १९५९ च्या डिसेंबरात शँक्ली नावाचा खाणकामगारांच्या गावचा माणूस मॅनेजर म्हणून आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथली पोरं गाण्याच्या चाली लावून आख्खी मॅच गात बसायला शिकली. ते सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मी लांबवत नाही.

पण उभ्या गर्दीचं एक लिहितो. तू चार वर्षांचा होतास. एका सामन्याला मी तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो. कुठं ते राहू दे. सामना सुटला आणि बाहेर पडायचं दार एकच उघडलेलं. मागून रेटा आला. माझे हात तुझ्या घोट्यांना धरलेले, त्यामुळं स्वतःला सावरायला हातच नव्हता. छाती समोरच्याच्या पाठीत रुतली, श्वास सुटेना. तू वरून टाळ्या वाजवत होतास. दीडेक मिनिटाचा खेळ असेल. घरी आल्यावर शर्टाची दोन बटणं नव्हती आणि तुझ्या आईला मी सांगितलं, कुठंतरी अडकून तुटली. आज खरं सांगतोय, तीही आत्ताच वाचतेय.

म्हणून हिल्सबरोचं वाचताना मला फार वेळ लागला. १५ एप्रिल १९८९, शेफील्डच्या मैदानावर लिव्हरपूलची मॅच, जाळीच्या कुंपणात कोंडून चेंगरलेली माणसं. गेले ९७. आणि वर दोष त्यांच्याच माथी मारला, दारू पिऊन आले, तिकिटं नव्हती म्हणून. पोरांच्या आईबापांनी सत्तावीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१६ मध्ये ज्युरीनं सांगितलं की हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. ॲनफिल्डला त्यांच्या नावांचं स्मारक आहे. तुझ्या अठरा फोटोंत ते नाही. पुन्हा जाशील तेव्हा तिथं दोन मिनिटं उभा राहा, फोटो नाही पाठवलास तरी चालेल.

त्यानंतर या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायाधीश लॉर्ड टेलर यांचा अहवाल आला आणि मोठ्या मैदानांत सगळ्यांनी खुर्चीवर बसायचं ठरलं. ३० एप्रिल १९९४ ला कॉप शेवटचा उभा राहिला. मॅच नॉर्विचशी, आणि त्या दिवशी नेमके १-० हरले. मग उतार पाडून साडेबारा हजारांच्या आत-बाहेरचा खुर्च्यांचा स्टँड बांधला. जुने लोक अजून हळहळतात म्हणे. मी हळहळणार नाही. मला ती दोन बटणं आठवतात.

तू म्हणतोस तो दुकानांचा बाजार त्यानंतरचा. खरं तर हे मैदानच राहणार नव्हतं. २००० नंतर दहा-बारा वर्षं शेजारच्या स्टॅन्ले पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायचं घाटत होतं. चित्रं काढून झाली, परवानग्या झाल्या, मालक बदलले, कर्ज डोक्यावर चढलं, आणि एक वीट रचली गेली नाही. २०१० मध्ये आलेल्या मालकांनी हिशोब करून २०१२ मध्ये ठरवलं की आहे तेच वाढवायचं. २०१६ मध्ये मुख्य स्टँड वर चढला, तोसुद्धा जुन्या स्टँडच्या मागं सांगाडा उभा करत, मॅचेस चालू ठेवून. हे काम मला फार आवडलं. चालू लाइनवर जॉइंट मारण्यातला प्रकार आहे. मग ॲनफिल्ड रोडकडची बाजू झाली आणि आता ६१ हजार माणूस बसतं, म्हणजे १९५२ मध्ये उभं होतं जवळपास तेवढंच. मधल्या काळात आजूबाजूच्या गल्ल्यांतली घरं मात्र वर्षानुवर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून रिकामी पडली होती, शेवटी पाडली. राहणाऱ्यांचं त्यात काय झालं असेल ते आपल्या रस्तारुंदीकरणावरून ओळख.

आणि ज्यांनी भाडं परवडत नाही म्हणून मैदान सोडलं, ते एव्हर्टनवालेही यंदा गुडिसन सोडून नदीकाठच्या जुन्या गोदीत नव्या स्टेडियमला गेले. १३३ वर्षांनी पुन्हा सामान हलवलं. या वेळी कुणी भाडं वाढवलं नव्हतं.

आई म्हणते, कांदा-लसूण चटणी संपली असेल तर कळव, मावशीचा दीर पुढच्या महिन्यात लंडनला निघालाय. थंडीत कानाला काहीतरी बांधत जा.

आणि पुन्हा तिकडं गेलास की त्या खांबाचा एक फोटो काढ. मध्ये उभा राहू नको. बुंध्यापासून टोकापर्यंत सगळा आला पाहिजे. आमच्या केबलवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचाय.

तुझा,
बाबा