मराठी अर्ज मराठी कीबोर्डवरूनच तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वेबसाइटचा दर्शनी भाग, म्हणजे फ्रंट-एंड लिहिते आणि इथल्या काही मुलामुलींना शिकवतेही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर ही आडनावं मराठीत लिहिली की कितीतरी ऑनलाइन अर्ज आजही ‘योग्य नाव लिहा’ म्हणून अडून बसतात. हे दुरुस्त करायला फार तर अर्धा तास लागतो, म्हणून जास्त वाईट वाटतं.

नाव तपासणाऱ्या रेगेक्सला (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते पाहणाऱ्या सूत्राला) बहुधा ए ते झेड एवढंच ठाऊक असतं. काही जण त्यात युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, ‘लेटर’ वर्ग घालतात, तरी भागत नाही. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात येतात. दोन्ही वर्ग घ्या. ‘झीरो-विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्हही गाळू नका, काही कीबोर्ड आडनावातला तो अर्धा र त्याच्याच आधाराने लिहितात.

लांबीचंही तसंच. ‘लक्ष्मी’ आपल्या लेखी दोन अक्षरं, जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रामिंग भाषेच्या लेखी सात, कारण ती प्रत्येक चिन्ह वेगळं मोजते. इंग्रजीच्या अंदाजाने ‘मॅक्सलेंग्थ’ (जास्तीत जास्त लांबी) ठेवली तर पूर्ण नाव मध्येच तुटतं. नावाचं पहिलं अक्षर दाखवणाऱ्या प्रोफाइलच्या गोलात ‘श्रीधर’चा नुसता ‘श’ उरतो, तोही यामुळेच. पहिलं अक्षर काढायला नव्या ब्राउझरमधलं ‘इंटल सेगमेंटर’ हे अक्षरं पाडणारं साधन वापरा.

मोबाइल नंबर कुणी ९८ असा देवनागरीत टाइप केला तर जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला ‘बॅकस्लॅश डी’ (आकड्यासाठीची खूण) तो ओळखत नाही. वापरणाऱ्याला दटावण्याऐवजी तपासणीआधी आकडे बदलून घ्या, एका ओळीचं ‘रिप्लेस’ आहे. उलट रक्कम दाखवताना ‘इंटल नंबरफॉरमॅट’ या आकडे मांडणाऱ्या साधनाला ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) सांगितलं की १२,३४,५६७ असे लाख-हजारांचे स्वल्पविराम आपोआप पडतात.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, मला सर्वांत खुपतं ते मथळ्यांवरचं ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधलं वाढीव अंतर). इंग्रजीत ते देखणं दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मराठी मजकुरासाठी ते शून्य ठेवा. ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास असू द्या, आणि बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून वर ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेरचं लपवणं) लावू नका, वरून रफार आणि खालून उकार कापला जातो.

आणि पानाच्या कोडच्या सुरुवातीला येणाऱ्या एचटीएमएल टॅगवर ‘लँग’ (भाषा) म्हणून ‘एमआर’ (मराठी) लिहा. तयार टेम्प्लेटमधलं ‘ईएन’ (इंग्रजी) तसंच राहिलं तर अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. काही फॉन्ट मराठी वळणाचा ल आणि श देतात, तेही ही खूण पाहूनच.

शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती यांची संकेतस्थळं करून घेणाऱ्यांनाही एक विनंती. काम ताब्यात घेण्याआधी साध्या अँड्रॉइड फोनवर मराठी कीबोर्डने नाव, पत्ता, नंबर स्वतः भरून बघा. अर्ज जमा झाला तरच बिल मंजूर करा.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली